राखाडी छटेतलं पाणी: बार्देशातल्या एका टॅटू स्टुडिओचं प्रकरण

पावसाळा सरून पर्यटनाचा हंगाम सुरू होत होता. गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या एका टॅटू स्टुडिओच्या मालकाला एका ग्राहकाने फोटो पाठवला. दंडावर मोरपीस. रेषा स्वच्छ, गडद काळा नीट बसलेला. पण पिसाच्या मधल्या राखाडी भागात बारीक लालसर पुटकुळ्या उठल्या होत्या. टॅटू काढून तीन आठवडे होत आले होते, म्हणजे जखम भरून यायची वेळ उलटून गेली होती. मालकाने नेहमीचे प्रश्न विचारले: नखं लागली का, ऊन लागलं का, समुद्रात उतरला होतात का. ग्राहक डिचोलीचा, बँकेत नोकरीला. महिनाभरात त्याने समुद्र पाहिलाही नव्हता.

आठवड्याभरात पुण्याहून एका मुलीचा तसाच फोटो आला, मग म्हापशातल्या एकाचा. तिघांनी आपापल्या डॉक्टरांकडून प्रतिजैविकं घेतली होती, मलमं लावली होती. कुणालाही उतार नव्हता. म्हापशाचा रुग्ण ज्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेला, त्यांनी मला फोन केला आणि त्यांच्यामार्फतच मी या स्टुडिओत पोचले. संसर्ग नियंत्रणाची परिचारिका म्हणून माझी सगळी नोकरी रुग्णालयात, शस्त्रक्रियागृहात आणि निर्जंतुकीकरण विभागात गेली. हे प्रकरण मालकाच्या संमतीने लिहीत आहे. स्टुडिओ किंवा माणसं ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत.

एक गोष्ट आधीच सांगते. हा गलिच्छ स्टुडिओ नव्हता. तसा असता तर मी हे लिहिलंच नसतं. मालक मूळचा पेडण्याचा, बरीच वर्षं या कामात मुरलेला. सुयांची कार्ट्रिज ग्राहकासमोर पाकीट फोडून काढायचा आणि त्याच्यासमोरच फेकायचा. हातमोजे होते, दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारा ऑटोक्लेव्ह होता, फरशी लख्ख होती. हाताखालचा मुलगा दोडामार्गकडचा. त्याची शेडिंगमधली नजर मालकापेक्षाही सरस होती, आणि राखाडी छटांची कामं त्यामुळेच त्याच्याकडे जात.

"सिस्टर, सुई मी दुसऱ्यांदा कधीच वापरली नाही," मालक मला पहिल्याच भेटीत म्हणाला. त्याचं म्हणणं खरं होतं. तरीही त्याच्या खुर्चीवर बसलेली माणसं आजारी पडली होती.

संशय कुणावर

मालकाचा पहिला संशय समुद्रावर होता, आणि गोव्यात तो अगदीच वावगा नाही. ताजा टॅटू ही उघडी जखम असते. २०१७ साली अमेरिकेतलं एक प्रकरण वैद्यकीय नियतकालिकात आलं होतं. ३१ वर्षांचा एक माणूस टॅटू काढल्यावर ५ दिवसांनी मेक्सिकोच्या आखातात पोहला. त्याला यकृताचा जुना आजार होता. व्हिब्रिओ व्हल्निफिकस हा कोमट खाऱ्या पाण्यात राहणारा जीवाणू टॅटूतून आत शिरला, आणि पुढे त्यात त्याचा मृत्यू झाला. पण व्हिब्रिओ तास-दिवसांत उसळतो. सूज, ताप, फोड, असह्य वेदना घेऊन येतो. आमच्या तिघांपैकी एकालाही ताप नव्हता. पुटकुळ्या सावकाश, दोन-तीन आठवड्यांनी उगवल्या होत्या. शिवाय तिघांपैकी दोघे पाण्यात उतरलेच नव्हते.

दुसरा संशय शाईच्या ॲलर्जीचा. टॅटूतली ॲलर्जी सर्वांत जास्त लाल रंगाला होते. या तिघांच्या टॅटूत लाल रंग नव्हताच.

तिसरा संशय मुलावर. त्याच्या हाताचा काही दोष असेल, असं मालकाच्या मनात आलं होतं. मुलगा घाबरून गप्प बसला होता. मला हे फार जपून हाताळावं लागलं, कारण घाबरलेला माणूस काय केलं ते खरं सांगत नाही, आणि खरं कळल्याशिवाय हा गुंता सुटणार नव्हता. मी दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं, "चूक कुणाची हे मला शोधायचं नाही. जंतू कुठल्या वाटेने गेला एवढंच शोधायचंय."

मालकाची एक चांगली सवय कामाला आली. तो प्रत्येक कामाची नोंद वहीत ठेवायचा: तारीख, ग्राहक, चित्र, कुणी काढलं. आम्ही दोन महिन्यांची पानं काढली आणि त्या काळातल्या प्रत्येक ग्राहकाला फोन लावला. मालकाला याची भीती वाटत होती. लोक ओरडतील, समाजमाध्यमांवर लिहितील. मी म्हटलं, आज आपण विचारलं नाही तर उद्या ते लिहितीलच, आणि तोवर एखाद्याचं दुखणं आणखी खोल गेलेलं असेल. फोनवर चौथी रुग्ण सापडली. पर्वरीची एक शिक्षिका. तिला वाटलं होतं, घामोळं उठलंय.

वही पुढे ठेवून आम्ही ग्राहकांचे गट पाडले. मालकाने काढलेले नुसत्या रेषांचे टॅटू: एकही तक्रार नाही. मुलाने काढलेले रेषांचे टॅटू: तक्रार नाही. रंगीत कामं: तक्रार नाही. चौघेही एकाच गटात पडले, राखाडी शेडिंगच्या. आणि त्या चौघांच्या अंगावरही पुटकुळ्या फक्त राखाडी भागात होत्या. शेजारची गडद काळी रेषा, तीच सुई, तेच मशीन, तोच हात, आणि तिथली त्वचा निरोगी.

इथे मुलाच्या हातावरचा संशय गळून पडला. हात दोषी असता तर रेषांवरही परिणाम दिसला असता. काळ्या शाईत आणि राखाडीत फरक एकाच गोष्टीचा होता. राखाडीत पाणी होतं.

आरओचं पाणी

राखाडी छटा बाजारात तयार मिळतात, पण बरेच कलाकार त्या स्वतः करतात. काळ्या शाईत कमी-जास्त पाणी घालून तीन-चार बाटल्या: गडद, मध्यम, फिकट, अगदी फिकट. मुलाने पावसाळ्यात, काम कमी असताना, अशा बाटल्या भरून ठेवल्या होत्या. दाबून थेंब काढायच्या प्लास्टिकच्या बाटल्या. रिकामी झाली की बेसिनखाली धुवायची आणि पुन्हा भरायची.

"पाणी कुठलं?" मी विचारलं.

"आरओचं, सिस्टर. नळाचं कधीच नाही," मालकच मध्ये बोलला, आणि त्याच्या बोलण्यात अभिमान होता.

हा गैरसमज मी टॅटूवाल्यांकडे पाहिला, कान टोचणाऱ्यांकडे पाहिला, ब्युटी पार्लरमध्येही पाहिला. प्यायला चांगलं ते सगळ्याला चांगलं, असं आपण धरून चालतो. आरओचं पाणी, बाटलीबंद मिनरल वॉटर, बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर, उकळून गार केलेलं पाणी, यांतलं कुठलंच निर्जंतुक नाही. प्यायलेल्या पाण्यातले थोडे जंतू पोटातलं आम्ल आणि आतड्याची राखण निभावून नेतात. टॅटूची सुई तेच पाणी १ ते २ मिलिमीटर आत, त्वचेच्या जिवंत थरात सोडते, तेही मिनिटाला शेकडो-हजारो टोच्यांनी. तिथे ही राखण नसते.

आरओच्या यंत्रात आणखी एक खोच आहे. त्यातला कार्बनचा फिल्टर पाण्यातलं क्लोरीन काढून टाकतो, म्हणून पाण्याला चव येते. पण त्या फिल्टरच्या पुढची नळी आणि साठवणीची टाकी क्लोरीनच्या संरक्षणाविना राहते. तिथे आतून बुळबुळीत थर धरतो आणि जंतू त्यात घर करतात. बार्देशला अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून पाणी येतं. त्या पाण्याला मी दोष देत नाही. ज्या जंतूचा आम्हाला संशय होता तो जगभरच्या शुद्ध केलेल्या पाण्यातही सापडतो.

त्या जंतूचं नाव मायकोबॅक्टेरियम चेलोने. क्षयाच्या जंतूच्या गोतातला, पण क्षय करत नाही आणि माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही. माती आणि पाणी हे त्याचं घर. त्याच्या पेशीभोवती मेणचट कवच असतं, त्यामुळे नेहमीच्या जीवाणूंना मारणारं क्लोरीन तो पचवतो. त्याला आवडणारं तापमान साधारण २८ ते ३२ अंश, म्हणजे पावसाळ्यातल्या गोव्यातल्या बंद दुकानाचं. मूळ शाईत असलेला अल्कोहोलसारखा घटक पाण्याने पातळ झाला की जंतूला रोखणारं थोडंफार जे असतं तेही जातं. चार बाटल्या आठवडेच्या आठवडे कोमट कपाटात उभ्या होत्या.

टॅटू आणि हा जंतू यांची गाठ नवी नाही. २०११ च्या शेवटी न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरमध्ये १९ जणांना राखाडी टॅटूतून हाच संसर्ग झाला आणि २०१२ मध्ये त्याचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध झाला. तिथे कलाकाराचा दोष नव्हता. शाई तयार मिश्रणाचीच होती, ती बनवताना डिस्टिल्ड पाणी वापरलं गेलं होतं, आणि न उघडलेल्या बाटलीतही जंतू मिळाला. हे प्रकरण मला आधीपासून माहीत होतं, म्हणून मी आपल्या पाण्यावर लगेच शिक्का मारला नाही. कंपनीची काळी शाईच दूषित असण्याची शक्यताही तपासणं भाग होतं.

पुरावा, आणि तो कसा वाचला

मी पोचण्याआधी मालकाने सगळ्या जुन्या बाटल्या फेकून दिल्या होत्या आणि आरओची टाकी ब्लीचने घासून काढली होती. घाबरलेला, जबाबदार माणूस हेच करतो, आणि त्यातच पुरावा जातो. कुणाच्या स्टुडिओत असं घडलं तर माझं कळकळीचं सांगणं आहे: काम थांबवा, पण काहीही धुऊ नका. बाटल्या, कप, शाई, पाणी, सगळं वेगवेगळ्या स्वच्छ पिशव्यांत घाला, तारीख लिहा, बाजूला ठेवा. स्वच्छता दुसऱ्या दिवशीही करता येते.

आमचं नशीब, मुलाची फिरती पेटी राहून गेली होती. हरमलला एका ओळखीच्याकडे तो अधूनमधून काम करायला जायचा आणि त्या पेटीत पावसाळ्यातच भरलेली मध्यम राखाडीची एक बाटली होती. त्याने ती स्वतःहून आणून माझ्यासमोर ठेवली. त्याचं नुकसान होईल अशी ती वस्तू होती. त्या मुलाच्या या प्रामाणिकपणाबद्दल मला मनापासून आदर आहे.

इकडे त्वचारोगतज्ज्ञांनी दोन रुग्णांच्या पुटकुळ्यांतून लहानसा तुकडा काढला. बायोप्सीचा तुकडा सवयीने फॉर्मॅलिनमध्ये टाकला जातो. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात आणि मग काहीच उगवत नाही. त्यांनी तुकड्याचे दोन भाग केले. एक फॉर्मॅलिनमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी, दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये कल्चरसाठी, म्हणजे जंतू वाढवून पाहण्यासाठी. सोबत प्रयोगशाळेला चिठ्ठी: क्षयेतर मायकोबॅक्टेरियाचा संशय, ३० अंशांवरही वाढवून पाहा, दोन दिवसांत "वाढ नाही" म्हणून बंद करू नका. रुग्णांचे आधीचे स्वॅब ४८ तासांत "वाढ नाही" असेच परत आले होते. जंतू होताच, पण त्याला हवं ते तापमान आणि वेळ कुणी दिला नव्हता.

आठवड्याच्या आतबाहेर दोन्ही रुग्णांच्या तुकड्यांत मायकोबॅक्टेरियम चेलोने उगवला. फिरत्या पेटीतल्या बाटलीतही तोच. त्याच बॅचच्या न उघडलेल्या काळ्या शाईत काही उगवलं नाही. एका सीलबंद बाटलीवरून अख्खी बॅच निर्दोष ठरत नाही, आणि रुग्णातला जंतू व बाटलीतला जंतू एकाच कुळातले आहेत हे सांगायला लागणारी जनुकीय तपासणी आम्ही केली नव्हती. पण तीच काळी शाई पाण्याविना वापरलेल्या कुणालाच काही झालं नव्हतं. ते आणि हे जुळवून पाहिल्यावर माझ्या मनात शंका राहिली नाही.

अहवालात "ॲसिड फास्ट" हे शब्द वाचून डिचोलीच्या ग्राहकाच्या आईने रडून घर डोक्यावर घेतलं. मुलाला क्षय झाला असं तिला वाटलं. हे शब्द क्षयाच्या जंतूसाठी वापरतात, तसेच त्याच्या गोतातल्या चेलोनेसाठीही. भीती सोडा, यात खरा धोकाही आहे. कुणी हे दोन शब्द पाहून क्षयाची नेहमीची औषधं सुरू केली तर चेलोनेवर त्यांचा उपयोग होत नाही आणि महिने फुकट जातात. चौघांना संवेदनशीलता चाचणी, म्हणजे जंतूवर कुठलं औषध चालतं त्याची तपासणी, पाहून क्लॅरिथ्रोमायसिन आणि गरजेप्रमाणे जोडीला दुसरं औषध देण्यात आलं. हे उपचार आठवड्यांचे नसतात, महिन्यांचे असतात.

एक पूर्ण बैठक

पाण्याची वाट सापडली होती. पण एक वाट सापडली म्हणून बाकीच्या बंद आहेत असं नाही. ओळखीच्या एका माणसाने नवीन शाईने टॅटू काढून घ्यायची तयारी दाखवली आणि मी कोपऱ्यात बसून सुरुवातीपासून शेवटपर्यंत काम पाहिलं. बोलायचं नाही, थांबवायचं नाही, फक्त मुलाचा हात कुठे कुठे जातो ते लिहायचं.

हातमोजे घातलेला हात त्वचेवर, मग दिव्याच्या दांड्यावर. मग पुन्हा त्वचेवर. मग फोनवर, चित्र मोठं करून बघायला. मग व्हॅसलिनच्या डबीत, त्याच बोटाने, आणि डबी पुढच्या ग्राहकासाठी तशीच. स्टेन्सिल उमटवायची कांडी थेट त्वचेवर घासली गेली, आणि हीच कांडी काल दुसऱ्याच्या दाढी केलेल्या, बारीक कापलेल्या त्वचेवर घासलेली. त्वचा पुसायच्या पातळ साबणाची, म्हणजे ग्रीन सोपची, फवारणीची बाटली उघड्या हातांनीही धरली जायची आणि रक्ताच्या मोज्यांनीही. तीही आरओच्या पाण्यानेच पातळ केलेली. गाणं बदलायला स्पीकर. मोजे शेवटपर्यंत तेच.

हिपॅटायटिस बी चा विषाणू सुकलेल्या रक्तात, शरीराबाहेर, किमान ७ दिवस जिवंत राहतो. ती व्हॅसलिनची डबी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. पाण्यातल्या जंतूने चौघांना पुटकुळ्या दिल्या आणि ते बरे होतील. डबीतून जे जाऊ शकलं असतं ते दिसायला महिने लागतात आणि पुढे यकृत खातं. सुई नवीन असणं एवढ्याने ही वाट बंद होत नाही. मोजा ग्राहकापासून कलाकाराला वाचवतो. एका ग्राहकापासून दुसऱ्याला वाचवायचं तर मोजा कशाकशाला लागला ते पाहावं लागतं.

नंतर मी माझी यादी वाचून दाखवली. मुलगा म्हणाला, "एवढ्या वेळा हात लावला मी?" मालकाने यादी माझ्याकडून मागून घेतली आणि ती अजून त्यांच्या आतल्या खोलीत चिकटवलेली आहे.

काय बदललं

पाण्याबद्दल तडजोड नाही. राखाडी छटा आता प्रत्येक ग्राहकासाठी कपातच, त्या वेळेपुरती तयार होते. पाणी औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ५ किंवा १० मिलिलिटरच्या निर्जंतुक पाण्याच्या कुपीतलं. कुपी त्या ग्राहकासाठी फोडायची आणि उरलेलं पाणी टाकून द्यायचं. सुई धुवायच्या कपातही तेच. ग्रीन सोप पातळ करायला सलाईनची सीलबंद बाटली, त्या दिवसापुरती. आधी मालक म्हणाला, खर्च वाढेल. हिशेब केल्यावर दिसलं की एका टॅटूच्या दरापुढे कुपीची किंमत नगण्य आहे. पुन्हा भरायच्या सगळ्या बाटल्या स्टुडिओतून बाद झाल्या.

व्हॅसलिन, स्टेन्सिलचं जेल, मलम, जे काही लागेल ते काम सुरू होण्याआधी लाकडी पट्टीने काढून लहान कपात घ्यायचं, उरलं की फेकायचं. दिव्याचा दांडा, मशीन, वायर, पॉवर सप्लायचं बटण, फवारणीची बाटली, हाताचा टेकू, सगळ्यावर प्लास्टिकचं आवरण, आणि ते दर ग्राहकानंतर काढायचं. फोन झिपच्या पिशवीत. मोजे नायट्रिलचे, कारण व्हॅसलिनसारख्या तेलकट पदार्थाने लेटेक्सचा मोजा झिजतो. भलत्या वस्तूला हात लागला की मोजे काढायचे, हात धुवायचे, नवे घालायचे. हात धुणं मध्ये गाळायचं नाही. मोज्याच्या आत घामेजलेल्या हातावर जंतू वाढतात आणि मोज्याला बारीक छिद्रं असू शकतात.

कार्ट्रिज निवडतानाही बदल झाला. आत पडदा असलेलीच घ्यायची. पडदा नसेल तर शाई आणि रक्त उलटं मशीनच्या पकडीत जातं आणि तिथून पुढच्या सुईत येऊ शकतं.

ऑटोक्लेव्हबद्दल मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण त्यावर सगळ्यांचा आंधळा विश्वास असतो. स्टीलच्या ग्रिप, म्हणजे मशीनच्या पकडी, त्यात निर्जंतुक होत. मी उघडून पाहिलं तर पाकिटं एकावर एक दाबून भरलेली. वाफ शिरायला जागा नाही, काहींवर ओल. पाकिटावरच्या पट्टीचा रंग बदलला म्हणजे काम झालं, असं ते धरत. पट्टी एवढंच सांगते की पाकीट गरम झालं. १२१ अंश, १५ पौंड दाब आणि आतली हवा पूर्ण निघून गेल्यावर बांधलेल्या वस्तूंना लागणारा साधारण ३० मिनिटांचा अवधी, हे सगळं जुळलं की निर्जंतुकीकरण होतं. जुळलं का, ते बीजाणूंच्या चाचणीनेच कळतं. जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या उष्णता सोसणाऱ्या जीवाणूचे बीजाणू असलेली पट्टी किंवा कुपी आत ठेवायची आणि ते मेले का ते बघायचं. ही चाचणी या स्टुडिओत कधीच झाली नव्हती. शिवाय पावसाळ्यात ओली पाकिटं बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवली जायची. कागद ओला झाला की जंतूंना आत शिरायला वाट मिळते आणि ते पाकीट निर्जंतुक राहत नाही.

माझं मत मी स्पष्ट सांगितलं. दोन खुर्च्यांच्या स्टुडिओने ऑटोक्लेव्ह नीट चालवण्याचा सगळा सोपस्कार सांभाळण्यापेक्षा ग्रिपही एकदा वापरून फेकायची घ्यावी. त्यांनी तसंच केलं. जोडीला एक निळ्या दिव्याची पेटी होती, जिला सगळे "यूव्ही स्टेरिलायझर" म्हणत. तो प्रकाश जिथे थेट पडतो तिथेच काही काम करतो. सांध्यात, खाचेत, वस्तूच्या खाली त्याचा काही उपयोग नाही. ती पेटी स्टुडिओतून गेली.

खुर्ची आणि टेबलासाठी आधी साबणपाण्याने पुसायचं, मग १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट लावून १० मिनिटं ओलं ठेवायचं. बाजारात ५ टक्क्यांचं मिळालं तर त्यात चौपट पाणी. द्रावण रोज ताजं करायचं, कारण आपल्या उष्म्यात त्याचा जोर लवकर उतरतो. मालक आधी फवारून लगेच पुसून टाकायचा. तेवढ्या वेळात जंतू मरत नाहीत.

कचऱ्याचा प्रश्न मला सर्वांत जास्त टोचला. वापरलेली कार्ट्रिज काळ्या पिशवीत जात होती आणि ती पिशवी पंचायतीच्या कचरा गोळा करणाऱ्या बायका पातळ मोज्यांनी, कधी नुसत्या हातांनी उचलत होत्या. ग्राहकाची एवढी काळजी घेणाऱ्या स्टुडिओच्या दारातून ही सुई कुणाच्या तरी तळव्यात जाऊ शकत होती. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत अशा धारदार वस्तूंसाठी सुईने न भोसकला जाणारा, न गळणारा पांढरा अर्धपारदर्शक डबा सांगितलेला आहे. तसा डबा खुर्चीशेजारी आला. तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा. कुंडईच्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या सामायिक प्रकल्पाशी बोलून कचरा उचलण्याची व्यवस्था मालकाने करून घेतली.

दोघांनीही हिपॅटायटिस बी ची लस घेतलेली नव्हती. आता ०, १ आणि ६ महिने असे तीन डोस सुरू आहेत, आणि शेवटच्या डोसानंतर एक-दोन महिन्यांनी प्रतिपिंडं तयार झाली का ते रक्तात तपासायचं आहे. सुई टोचलीच तर काय करायचं तेही भिंतीवर लिहून लावलं: जागा साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा, पिळू नका, ब्लीच लावू नका, लगेच रुग्णालयात जा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी बरी.

गोव्यातली खास अडचण

इथला निम्मा ग्राहक सुटीवर आलेला असतो. आज टॅटू काढतो, उद्या सकाळी बागा-कळंगुटच्या लाटांत असतो, संध्याकाळी हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात. "दोन-तीन आठवडे पाण्यात उतरू नका" हे त्याला सांगितलं तरी तो मान डोलावतो आणि उतरतो. मालकाने आता आगाऊ नोंदणी करतानाच विचारायला सुरुवात केली आहे: गोव्यात आणखी किती दिवस आहात? समुद्रात उतरायचं असेल तर टॅटू परतीच्या आदल्या दिवशी. मधुमेह, यकृताचा आजार किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं सुरू असतील तर आधी डॉक्टरांचं पत्र. काही कामं हातची गेली. त्याने ती जाऊ दिली.

रक्तदान करणाऱ्यांना तो हेही सांगतो की टॅटूनंतर १२ महिने रक्त देता येत नाही. हे ऐकून दोन नियमित रक्तदात्यांनी बेत पुढे ढकलला.

वहीत आता शाईचा, कार्ट्रिजचा आणि पाण्याच्या कुपीचा बॅच क्रमांक लिहिला जातो. तीन आठवड्यांनी आणि दीड महिन्याने प्रत्येक ग्राहकाला एक निरोप जातो: भाग कसा आहे, फोटो पाठवा. पुटकुळी दिसली तर "मलम लावा" हे उत्तर बंद. सरळ त्वचारोगतज्ज्ञांकडे, आणि सोबत चिठ्ठी, की टॅटू कधी काढला आणि राखाडी छटा कशाने पातळ केली होती. ही चिठ्ठी पहिल्या रुग्णाकडे असती तर त्याचे कितीतरी आठवडे वाचले असते.

चौघांपैकी तिघांचे उपचार पूर्ण झाले. पुटकुळ्या गेल्या, पण राखाडी भागात ठिपक्यांसारख्या फिकट खुणा राहिल्या. पुण्याच्या मुलीचं औषध अजून सुरू आहे. औषधांचा खर्च मालकाने आपणहून उचलला. शिक्षिकेने त्याच जागी पुन्हा काम करून देण्याची विनंती केली आहे. त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलंय की औषध थांबल्यावर काही महिने लक्षण उलटत नाही हे पाहिल्याशिवाय त्या जागेला सुई लागू नये, आणि मालकाने तिला तसं कळवलं आहे.

एक काम अजून बाकी आहे. डिसेंबरात बाहेरगावचे कलाकार आपापल्या पेट्या घेऊन येतात आणि चार-आठ दिवस खुर्ची भाड्याने घेतात. त्यांच्या पेटीतली उघडलेली बाटली स्टुडिओत चालणार नाही, शाई सीलबंद आणि पाणी स्टुडिओचंच, अशी अट मालकाने कागदावर लिहिली आहे. मागच्या हंगामात आलेल्या दोघांनी ती मान्य केली. तिसरा अजून घासाघीस करतोय, आणि त्याला खुर्ची दिलेली नाही.